फरशीपलीकडचं शेत

रटलंड हा इंग्लंडमधला अगदी चिमुकला परगणा. आपल्याकडचे कितीतरी तालुके त्याच्याहून मोठे भरतील. मेंढ्या, गव्हाची शेतं, चुनखडीच्या दगडांची घरं आणि मधोमध एक मोठा जलाशय, एवढीच त्याची ओळख. २०२० च्या उन्हाळ्यात टाळेबंदीला कंटाळलेलं तिथलं एक शेतकरी कुटुंब केटन गावाजवळच्या आपल्याच रानात पाय मोकळे करायला गेलं. उभ्या गव्हात त्यांना काही खापरं दिसली. रोजच्या ओळखीची नव्हती. मुलगा चौकस निघाला. घरी येऊन त्याने उपग्रहाने टिपलेली आपल्या शेताची छायाचित्रं उघडली, तर पिकात सरळ रेषा, काटकोन, खोल्यांसारखे चौकोन. त्याने लिस्टरशायर कौन्सिलच्या पुरातत्त्व विभागाला कळवलं.

इथे एक गोष्ट आवर्जून नोंदवायला हवी. त्याने फावडं चालवत ठेवलं नाही. एक लहानसा चर खणला गेला, तो मोहापायी. पण तो थोडक्यात आवरला आणि फोन झाला. पुढचं काम जाणकारांकडे गेलं. लिस्टर विद्यापीठाच्या पुरातत्त्व पथकाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तातडीने पाहणी केली, तिचा खर्च ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ या सरकारी संस्थेने उचलला. पुढच्या सप्टेंबरात विद्यापीठाचे अध्यापक आणि विद्यार्थी पुन्हा उतरले. नोव्हेंबर २०२१ मध्ये बातमी जाहीर झाली, पण तोवर त्या शेताला कायद्याचं संरक्षण मिळालेलं होतं. आधी संरक्षण, मग बातमी. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा असतो.

पिकातल्या त्या रेषा येतात कुठून? जमिनीखाली दगडी भिंत असली की तिच्यावर मातीचा थर पातळ राहतो. पावसाने ओढ दिली की तिथलं पीक आधी पिवळं पडतं, खुरटतं. जिथे जुना चर बुजलेला असतो तिथे माती खोल, ओल जास्त, म्हणून पीक उंच आणि हिरवंगार. उन्हाळा जितका कोरडा, तितका हा नकाशा स्पष्ट. २०१८ च्या कडक उन्हाळ्यात ब्रिटनभर अशा शेकडो आकृत्या विमानातून टिपल्या गेल्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने वाईट असलेलं साल पुरातत्त्वज्ञाला मात्र लाभतं, हा या धंद्यातला विचित्र हिशेब आहे.

केटनच्या शेतात जे निघालं ते असं. सुमारे ११ मीटर लांब आणि जवळपास ७ मीटर रुंद अशी मोझेकची फरशी. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या एका श्रीमंत घराच्या मोठ्या दालनातली; पाहुण्यांना जेवू घालायचं दालन असावं. रंगीत दगडाचे बारके चौकोनी तुकडे चुन्यात बसवून तिच्यावर ट्रॉयच्या युद्धातला एक प्रसंग तीन पट्ट्यांत चितारला आहे. एका पट्टीत ग्रीकांचा अकिलीस आणि ट्रॉयचा हेक्टर रथांवरून झुंजतात. दुसरीत मेलेल्या हेक्टरला रथाला बांधून अकिलीस फरफटत नेतो आहे. तिसरीत हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम मुलाचं प्रेत सोडवायला आला आहे, आणि तिथे चक्क एक मोठा तराजू आहे. एका पारड्यात प्रेत, दुसऱ्या पारड्यात सोनं.

हा तराजू महत्त्वाचा ठरला. होमरच्या ‘इलियड’मध्ये प्रायम खंडणी देऊन प्रेत सोडवतो, पण तिथे तराजूत तोलणं प्रत्यक्षात घडत नाही; अकिलीस सोन्याच्या तुलेचं नाव काढतो ते फक्त नकार देताना. प्रेताची तुला खरोखर होते ती इस्किलस या ग्रीक नाटककाराच्या ‘फ्रिजियन्स’ या नाटकात, जे आज हरवलेलं आहे. २०२५ च्या अखेरीस लिस्टरच्या अभ्यासकांनी असा निष्कर्ष मांडला की रटलंडच्या फरशीवरची कथा होमरची नसून इस्किलसच्या परंपरेतली आहे, आणि तिच्यातले काही आकार कित्येक शतकं आधीच्या ग्रीक भांड्यांवरून चालत आलेले आहेत. रोमन साम्राज्याच्या पार वायव्य टोकाला, धुक्यापावसात शेती करणाऱ्या घराला ग्रीक रंगभूमीवरची आवृत्ती माहीत होती. किमान कारागिराच्या नमुन्यांच्या वहीला तरी ती माहीत होती. या दोन शक्यतांत फरक मोठा आहे. घरमालक नाटकाचा जाणकार होता की त्याने नुसतं बोट दाखवून ‘हे चित्र घाल’ म्हटलं, हे फरशी सांगत नाही. प्रस्तुत वक्त्याचा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे. ज्याच्या घरी मोठं दालन असतं त्याला चित्र पाहुण्यांसाठी हवं असतं.

ब्रिटनमध्ये या प्रसंगाची ही एकमेव फरशी. साहजिकच वर्तमानपत्रांनी तेवढंच छापलं. टीव्हीवरही फरशीच दिसली, आणि दिसावीच. पण सरकारने ज्याला संरक्षण दिलं ते नुसत्या फरशीला नव्हे. फरशी ७५-७७ चौरस मीटरची. संरक्षण मिळालं ते त्या घराच्या सगळ्या वस्तीला. आजच्या व्याख्यानाचा रोख याच फरकावर आहे.

रोमन व्हिला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लोणावळ्याचा बंगला येतो. तो डोळ्यांपुढून काढायला हवा. एखाद्या देशमुखाच्या चौसोपी वाड्याला मागची बळदं, गोठे, खळं, गडी-माणसांच्या खोपट्या आणि गावकुसापर्यंतचं शिवार जोडून पाहिलं, तर व्हिला म्हणजे काय ते नीट कळेल. ते शेतीचं ठाणं होतं. पिकवायचं, साठवायचं, वसूल करायचं आणि उरलेल्यातून मिरवायचं. मोझेक हा त्या मिरवण्याचा भाग. मिरवणं कोणाच्या जिवावर चाललं होतं, ते कळतं बाहेरच्या कोठारांतून, चरांतून आणि राखेतून.

केटनला पाहणीत मुख्य घराभोवती दोन बाजूंना ओळीने खांब असलेली मोठी कोठारं, काही गोल बांधकामं आणि या सगळ्याला वेढणारे हद्दीचे चर मिळाले. २०२२ मध्ये पथक परत गेलं, तेव्हा त्यातल्या एका कोठाराचा इतिहास उलगडला. आधी ते जाड लाकडी खांबांवर उभं होतं. ते जळालं. मग तिसऱ्या किंवा चौथ्या शतकात दगडात नव्याने बांधलं. एका बाजूला शेतीचं आणि कारागिरीचं काम, आणि दुसऱ्या टोकाला, सांगायला गंमत वाटते, स्नानगृह. वाफेची खोली, कोमट खोली, थंड पाण्याचं कुंड. फरशीखाली बुटक्या खांबांवर पोकळी ठेवलेली, भट्टीतली गरम हवा तिच्यातून खेळवलेली. बाहेर टाक्यासारखी एक जागा. छपरावरचं पावसाचं पाणी तीत साठवत असावेत असा अंदाज आहे.

म्हणजे धान्याच्या कोठाराच्या एका टोकाला न्हाणीघर. या न्हाणीघरात कोण न्हात होतं? मुख्य घरातला मालक अंगण ओलांडून कोठाराकडे यायचा? की हा कारभाऱ्याचा थाट होता? की धान्य सुकवायची ऊब आणि अंघोळीची ऊब यांची सोय एकाच छताखाली लावली होती? अकिलीसच्या चित्रापेक्षा हे प्रश्न शेतीच्या इतिहासाला जास्त काही देतात. आणि यांची उत्तरं देखण्या वस्तूंत नसतात. ती असतात काळपट मातीच्या एका वर्तुळात, जे जळक्या खांबाच्या जागी उरतं. ते वर्तुळ कोणी चोरत नाही, कोणी विकत नाही, आणि नांगराच्या एका खेपेत ते कायमचं नाहीसं होतं.

हे धान्य कुठे जात होतं याची एक खूण लेखी साधनांत आहे. चौथ्या शतकाच्या मध्यात ज्युलियन (पुढे तो सम्राट झाला) ऱ्हाईन नदीवरच्या सरहद्दीची लढाई लढत होता. ब्रिटनमधून धान्य आणण्यासाठी त्याने जहाजांचा ताफा उभा केला. सहाशे जहाजं होती आणि त्यांतली चारशे त्याने दहा महिन्यांच्या आत बांधली, असं तो स्वतःच अथेन्सच्या लोकांना लिहिलेल्या पत्रात सांगतो. स्वतःच्या कर्तबगारीबद्दल लिहिताना राज्यकर्ते आकडे फुगवतात हे गृहीत धरलं तरी मुद्दा उरतो: खाडीपलीकडच्या सैन्याला पोसण्याइतकं धान्य या बेटावर निघत होतं. केटनचं धान्य त्या जहाजांत चढलं असं म्हणायला पुरावा नाही. पण अशी कोठारं आणि अशी दालनं त्याच शतकात का फुलली, याचं कारण या अर्थव्यवस्थेत आहे.

मग ते सगळं संपलं. शेवट फरशीवरच वाचता येतो. फरशीवर जाळाचे डाग आहेत, काही भाग उखडलेले आहेत. जिथे पाहुणे तक्क्याला टेकून बसत होते तिथे पुढे कोणी वेगळीच कामं केली. छत पडलं, भिंती ढासळल्या, आणि त्या राडारोड्यात पुढे कधीतरी माणसं पुरली गेली. त्यांचे सांगाडे सापडले आहेत. घर ओस पडल्यानंतरच्या काळात तिथे राहणारी ही माणसं कोण, त्यांना खालच्या अकिलीसबद्दल काही ठाऊक होतं का? उत्खनन करणारा घाईने फरशीपर्यंत पोहोचला असता, तर या लोकांना बाजूला सारूनच पोहोचला असता. एकोणिसाव्या शतकात बहुतेक ठिकाणी तेच झालं.

ग्लॉस्टरशायरमधल्या चेडवर्थ या व्हिलाची गोष्ट त्यासाठी पाहण्यासारखी आहे. १८६४ मध्ये जंगलातल्या एका रखवालदाराला ती सापडली. सशाच्या शिकारीचं पाळीव फेरेट बिळात अडकलं, ते काढायला खणलं आणि मोझेकचे तुकडे वर आले, अशी आख्यायिका आहे. जेम्स फॅरर या हौशी संशोधकाने मजूर लावून काही महिन्यांत बरीच व्हिला मोकळी केली. भिंतींच्या माथ्यावर दगडाची छोटी छपरं घातली, मधोमध शिकारी बंगला आणि संग्रहालय बांधलं. त्या काळाच्या मानाने ही आस्था मोठी होती, हे मान्य करायला हवं. १९२४ मध्ये ‘नॅशनल ट्रस्ट’ने ती जागा घेतली. पण एकदा उघडलेली व्हिला म्हणजे कायमची जबाबदारी. ओलावा, थंडीत पाणी गोठून फुगणं, शेवाळ, मुळं आणि पाहुण्यांची पावलं. शेवटी २०१२ मध्ये पश्चिमेकडच्या ओळीवर तापमान सांभाळणारी नवी इमारत उभारावी लागली.

आणि आता खरी गोष्ट. चेडवर्थच्या उत्तरेकडच्या एका खोलीत नंतरच्या खोदकामात एक मोझेक मिळाला. कसब बेताचंच, आधीच्या नक्षीशी तुलना केली तर ओबडधोबड. ती खोली बांधताना घातलेल्या भिंतीच्या पायाच्या चरात कोळसा आणि हाडाचे तुकडे अडकले होते. त्यांची कार्बन पद्धतीने चाचणी झाली, आणि २०२० मध्ये निकाल जाहीर झाला: ही भिंत इसवी सन ४२४ नंतरची. रोमन सत्ता ब्रिटनमधून गेली ती ४१० च्या सुमारास. पाठ्यपुस्तकांत त्यानंतर अंधार, पडझड, सगळे पळाले असं चित्र असायचं. इथे मात्र सत्ता गेल्यानंतरही कोणीतरी भिंत घालत होतं, खोली सजवत होतं, मोझेक घालणारा कारागीर शोधत होतं.

फॅररच्या काळी कार्बन पद्धत नव्हतीच. ती १९४० च्या दशकाच्या शेवटी आली. त्याच्या मजुरांनी तो चर उपसला असता तर कोळसा राडारोड्याबरोबर गेला असता, आणि कोणालाही चुटपुट लागली नसती. म्हणून आजचे पुरातत्त्वज्ञ जेवढं खणतात त्याहून अधिक न खणता सोडतात. याला आळस म्हणणारे लोक भेटतात. खरं तर यात मोठा संयम लागतो, आणि संयमाला निधी मिळत नाही, छायाचित्र मिळत नाही, उद्घाटनाला मंत्री येत नाहीत.

संरक्षणाचे आणखी दोन नमुने थोडक्यात सांगता येतील. ससेक्समधल्या बिग्नरची व्हिला १८११ मध्ये नांगराला लागली. शेतकरी टपर कुटुंबाने फरशांवर गवताच्या छपरांची घरं बांधली, तिकीट लावलं आणि व्हिला लोकांसाठी खुली केली. ती आजही त्याच कुटुंबाकडे आहे. डॉर्सेटमधल्या हिंटन सेंट मेरीची फरशी १९६३ मध्ये मिळाली, तेव्हा ती तुकड्यातुकड्यांत उचलून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये नेली. तिच्या मधोमध ख्रिस्ताचा मानला जाणारा चेहरा आहे, आणि लोकांना प्रदर्शनात तेवढा चेहराच दिसत राहिला. घराची फरशी घरापासून तुटली, आणि मग ती फरशी नक्की कसल्या इमारतीतली होती, हा प्रश्न सोडवायला अलीकडे अभ्यासकांना पुन्हा त्या गावात खणावं लागलं.

वुडचेस्टरचं प्रकरण या सगळ्यांत चमत्कारिक. ग्लॉस्टरशायरमधल्या या गावाच्या जुन्या दफनभूमीखाली ग्रीक कथांतल्या गायक ऑर्फियसची भव्य फरशी आहे, प्रत्येक बाजू सुमारे १४ मीटरची. सॅम्युअल लायसन्सने ती १७९३ पासून उघडली आणि तिची अप्रतिम रंगीत चित्रं छापली. त्यानंतर दर काही वर्षांनी ती उघडायची, लोकांनी पाहायची, परत माती लोटायची, असा परिपाठ पडला. १९७३ मध्ये शेवटची उघडली तेव्हा लाखाहून अधिक माणसं लोटली. अरुंद रस्त्यांच्या त्या खेड्याची पुरती कोंडी झाली. तेव्हापासून ती मातीखालीच आहे. पाहणाऱ्यांच्या एका पिढीने तिच्याविषयी फक्त ऐकलं आहे.

रटलंडच्या फरशीचंही हेच केलं: नोंदी झाल्या, मोजमापं झाली, वरून छायाचित्रं घेतली, आणि मग तिला पुन्हा मातीखाली ठेवलं. इस्किलसचं ते नवं वाचन अशा नोंदींच्या आधारे झालं आहे, हे ध्यानात घेतलं तर ‘झाकलं म्हणजे गमावलं’ ही तक्रार अर्धी गळून पडते. अर्धी उरते. जमीन खासगी आहे, लोकांना तिथे जाता येत नाही. ज्यांच्या करातून पाहणी झाली त्यांनी समाधान मानायचं ते पडद्यावरच्या चित्रांवर. ही तक्रार वाजवी आहे. पण उघड्या फरशीला छप्पर हवं, छपराला वीज हवी, विजेला तिकीट हवं, तिकिटाला गाड्यांचा तळ हवा, आणि गाड्यांचा तळ बसणार तो नेमका त्या हद्दीच्या चरांवर.

आता कायद्याकडे. ब्रिटनमध्ये प्राचीन स्मारकांचा पहिला कायदा १८८२ चा. सर जॉन लबक यांनी वर्षानुवर्षं चिकाटी धरून तो संमत करून घेतला. पहिल्या यादीत ६८ स्थळं होती, स्टोनहेंजसारखी बहुतेक प्रागैतिहासिक. जमीनदारांच्या हक्काला हात लावायला तेव्हाची संसद कचरत होती, म्हणून त्या कायद्याचे दात अगदीच दुधाचे होते. आज लागू आहे तो १९७९ चा कायदा. एकट्या इंग्लंडमध्ये त्याखाली वीस हजारांच्या आसपास स्थळं आहेत. यादीत आलेल्या जागेवर खणणं, बांधणं, भर घालणं, पाणी सोडणं, कशालाही मंत्र्यांची लेखी परवानगी लागते आणि सल्ला हिस्टॉरिक इंग्लंड देते. अशा जागेवर परवानगीशिवाय धातुशोधक यंत्र चालवणं हाही गुन्हा आहे. रात्री बॅटरी लावून यंत्र घेऊन फिरणाऱ्या टोळ्या तिथे आहेत, त्यामुळे हे कलम शोभेचं नाही.

पण या भक्कम दिसणाऱ्या कायद्याला एक खिंडार आहे, आणि ते शेतातूनच जातं. एखाद्या शेतात आधीपासून नांगरट होत असेल, तर त्याच पद्धतीने, त्याच खोलीपर्यंत ती चालू ठेवायला वेगळी परवानगी लागत नाही. एकदम सगळ्या शेतकऱ्यांना नांगर बंद करा म्हणता येत नाही, म्हणून ही सवलत. कागदावर ती रास्त वाटते. रानात तसं होत नाही. उतारावरची माती दर पावसाळ्यात थोडी खाली सरकते, त्यामुळे ‘तीच खोली’ दरवर्षी थोडी आणखी खाली पोहोचते. ट्रॅक्टर जड होत गेले. दबलेली जमीन फोडायला खोल जाणारी दातेरी अवजारं आली. बटाटा आणि बीट काढताना तर अख्खा थर उलथला जातो. हिस्टॉरिक इंग्लंडचं काम तेव्हा पाहणाऱ्या ‘इंग्लिश हेरिटेज’ने २००३ मध्ये या प्रश्नावर मोहीम काढली, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की यादीतली स्मारकं चोराच्या नव्हे तर नांगराच्या हाती झिजत आहेत, आणि नांगर धरणारा कायदा पाळतो आहे.

म्हणून केटनमध्ये नुसतं यादीत नाव घालून काम भागणार नव्हतं. तिथे शेतमालकाशी बोलून ती शेतं नांगरटीतून काढायचं आणि कुरणाखाली आणायचं ठरलं. गवताची मुळं उथळ, मेंढ्या हलक्या, माती जागची हलत नाही. या बदल्यात शेतकऱ्याच्या पिकाचं जे जातं त्याची काही भरपाई पर्यावरणपूरक शेतीच्या अनुदानातून होऊ शकते. पुरातत्त्वाची लढाई अशी शेवटी अनुदानाच्या अर्जात येऊन ठेपते. यात रोमांच नाही, पण मोझेक वाचवण्याचं याहून खात्रीचं साधन दुसरं नाही.

महाराष्ट्रातल्या श्रोत्याने याचा विचार का करावा, तर आपलं आणि तिथलं पुरातत्त्व एकाच शाळेत शिकलं आहे. पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया लंडनला शिकत असताना मॉर्टिमर व्हीलरच्या हाताखाली डॉर्सेटमधल्या मेडन कॅसलच्या उत्खननात काम करून आले. व्हीलर स्वतः व्हेरुलेमियमसारख्या रोमन शहरात खणून मग १९४४ मध्ये भारताच्या पुरातत्त्व खात्याचा प्रमुख झाला. आणि १९४५-४६ मध्ये सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर उत्खनन केलं. तिथे आधी मिळालेल्या कांस्यवस्तूंत समुद्रदेव पोसायडनची एक लहान मूर्ती आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ती आजही पाहता येते. भूमध्य समुद्राकडची ही वस्तू सह्याद्री ओलांडून पंचगंगेपर्यंत आली. पण ती वस्तू ज्या घरात होती, त्या घराचं शिवार, त्याची कोठारं, त्याच्या हद्दी? त्या टेकाडावर आणि भोवती शहर चढत गेलं. मूर्ती वाचली, वस्ती विरली.

आपल्याकडचा धोका निराळा आहे. गावोगावच्या पांढरीच्या टेकाडांवरची माती धाब्यांवर घालायला आणि शेतात टाकायला पिढ्यानपिढ्या गाड्या भरभरून नेली गेली. आता बैलगाडीच्या जागी जेसीबी आला. तेरसारख्या ठिकाणी, जिथे प्राचीन तगर होतं आणि जिथून माल भडोचच्या बंदराकडे जात होता, गावच टेकाडांवर आणि टेकाडांभोवती वसलेलं आहे. आपला १९५८ चा कायदा २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला मनाई करतो आणि पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण ठेवतो. इंग्लंडमध्ये असं मोजून आखलेलं कडं नाही. तिथे स्मारकाच्या भोवतालचा विचार बांधकाम परवानगीच्या वेळी, त्या त्या प्रकरणापुरता होतो. आपलं कडं देवळाला आणि किल्ल्याला शोभतं. ज्या स्थळाला भिंतच दिसत नाही, ज्याची कड कुठे संपते हेच खणल्याशिवाय कळत नाही, त्याचे १०० मीटर कुठून मोजायचे? रटलंडमध्ये आधी भूभौतिक पाहणी केली, म्हणजे जमिनीच्या चुंबकीय फरकावरून चर आणि भिंती कागदावर आणल्या, आणि मग संरक्षणाची रेषा ओढली. हा क्रम उचलण्यासारखा आहे. त्याला नवा कायदा लागत नाही, यंत्रं आणि शिकलेली माणसं लागतात. ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजने घडवलीही आहेत. त्यांना पाठवायचा निर्णय मात्र दुसरीकडे होतो.

पुन्हा केटनकडे वळू. तिथे कुरण झालं म्हणजे निश्चिंत झालं, असंही नाही. नांगर थांबला की खणणारे दुसरे येतात: ससे आणि विशेषतः बॅजर. मांजरापेक्षा मोठा, पट्टेरी तोंडाचा हा प्राणी जमिनीत खोल्याच्या खोल्या खणतो आणि त्याला मऊ, उपसलेली, बुजवलेली माती फार आवडते, म्हणजे नेमकी पुरातत्त्वज्ञाला हवी असलेली माती. इंग्लंडभर कित्येक प्राचीन ढिगारे आणि खंदक बॅजरांनी आतून पोखरले आहेत. आणि बॅजरलाही संरक्षण आहे, १९९२ च्या स्वतंत्र कायद्याने. त्याच्या बिळाला हात लावला तर शिक्षा होते. एका संरक्षित गोष्टीने दुसऱ्या संरक्षित गोष्टीत घर केलं तर काय, याची तरतूद त्या कायद्यातच करून ठेवली आहे: यादीतलं स्मारक वाचवण्यासाठी परवाना मागता येतो. परवाना मिळाला की बिळांच्या तोंडाशी एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा बसवतात. बॅजर बाहेर येतो, परत आत जाऊ शकत नाही. हे काम साधारणपणे १ जुलै ते ३० नोव्हेंबर या काळातच करायला मुभा असते, कारण हिवाळ्याच्या शेवटी पिल्लं होतात आणि ती स्वावलंबी व्हायला उन्हाळा उजाडतो.